राष्ट्राध्यक्षबाईंचा रहिवास

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझी बायको देशाची राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी तिच्या सख्ख्या भावाने तिला राज्य सोडायचा सल्ला दिला. तोही टर्की कापता कापता.

मी वेंडल. जन्मभर गुरांचा डॉक्टर होतो. आता मेपलची झाडं आणि स्वतःचे गुडघे सांभाळतो. बायको ऑड्रा टीबो. आमचं टकर्स फेरी हे गाव व्हरमाँटमध्ये, कनेक्टिकट नदीच्या काठावर. पूल ओलांडला की न्यू हॅम्पशायर. पुलाच्या या टोकाला राहणारा माणूस आपल्या कमाईतला काही भाग दरवर्षी राज्याला देतो. त्या टोकाचा पगारावर काही देत नाही. देशाचा कर दोघांनाही चुकत नाही, पण राज्याचा कर हा ज्याच्या त्याच्या पत्त्यावर असतो. त्यामुळे आमच्याकडे कुणी पलीकडे घर घेतलं की लोक 'कशाला?' असं विचारत नाहीत.

ऑड्राचा थोरला भाऊ रोलंड असाच वीसेक वर्षांपूर्वी पलीकडे गेला. सुतारकामाचा मोठा ठेकेदार झाला, टेकडीवर दोन घरं बांधली, आणि तेव्हापासून आम्हाला टोमणे मारायला मोकळा झाला. "तुमच्याकडे आहे काय?" तो म्हणायचा. "नदीसुद्धा आमच्या राज्याची. नकाशा बघ. तुमच्या काठाला पाणी लागतं ना, ते आम्ही लागू देतो म्हणून."

तर त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण रोलंडकडे होतं. घराभोवती सुरक्षारक्षक बर्फात उभे होते आणि रोलंडची बायको त्यांना खिडकीतून ॲपल पाय देत होती, वर चेडर चीजचा जाडसर तुकडा ठेवून. टेबलावर आमच्यासोबत गॅरिसन व्हिटल नावाचा वकीलही होता. ऑड्राचा दुधाच्या टाक्या बनवायचा कारखाना विकायचं काम त्याच्याकडे होतं. दूध काढल्यावर थंड ठेवायच्या त्या पोलादी टाक्या. गावातल्या बंद पडलेल्या गिरणीत तिने तो कारखाना उभा केला, पुढे त्या टाक्या देशभर गेल्या. निवडून आले तर कारखान्यात एक पैचाही वाटा ठेवणार नाही, असं तिने प्रचारात सांगितलं होतं. शपथविधीच्या आधी, डिसेंबरात, विक्री व्हायची होती.

रोलंडने सुरी बाजूला ठेवली.

"ऑड्रे, एक बोलू? रागावू नकोस."

"तू असं म्हणतोस तेव्हा मी आधीच रागावलेली असते. बोल."

"वरचं घर रिकामं पडलंय. तुझ्या नावावर करून देतो. तू न्यू हॅम्पशायरची रहिवासी हो, आणि मग कारखाना वीक. व्हरमाँटला एक डॉलर द्यायला नको."

मी हसलो. मला वाटलं, नेहमीचा टोमणा. पण व्हिटल हसला नाही. त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला, "घाई करावी लागेल. पण कायद्यात बसतं. कारखाना व्हरमाँटमध्ये असला तरी विकले जातात ते शेअर, आणि त्यांच्यावरचा कर विकणाऱ्याच्या राज्याचा."

"मी तर चार वर्षं वॉशिंग्टनला राहणार," ऑड्रा म्हणाली. "मग मी तिथली नाही का होणार?"

"नाही. तिथे तुम्ही कामाला जाताय. व्हाइट हाउस कुणाचंच गाव नसतं. तुमच्या पगारावरही वॉशिंग्टन शहर कर लावत नाही, तुमचं राज्य लावतं. आणि तुमचं राज्य कुठलं, हे तुम्ही झोपता कुठे यावरून ठरत नाही. काम संपल्यावर कायमचं कुठे परतायचं तुमच्या मनात आहे, यावरून ठरतं."

"मनात आहे यावरून?"

"हो. अर्थात मन कुणाला दिसत नाही, म्हणून कागद बघतात. मतदार यादी, गाडीचा परवाना, डॉक्टर, घर. पण मूळ प्रश्न तोच."

ऑड्राने बटाटे वाढून घेतले. पण तिने नाही म्हटलं नाही, हे मी पाहिलं. आणि ते मला आवडलंही. वाचणारी रक्कम लहान नव्हती. त्यात आमच्या गावाचे पाचेक वर्षांचे रस्ते झाले असते. माझी साखरखोली, म्हणजे जिथे मी मेपलच्या झाडांचा गोड रस आटवून पाक करतो ती खोली, एका बाजूला कलली होती, आणि त्या जेवणात तिसरा पदार्थ येईपर्यंत मी मनातल्या मनात नवी बांधून तिला तांबडं छतही घातलं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही ते वरचं घर बघायला गेलो. मी, ती, रोलंड आणि व्हिटल, आणि मागे काळ्या गाड्या. घर चांगलं होतं. रोलंडचं काम कच्चं नसतंच. व्हिटल खोल्याखोल्यांतून फिरत समजावून सांगत होता.

"नुसता पत्ता बदलून भागत नाही. तुमचा जीव ज्यात आहे त्या वस्तू इथे यायला हव्यात. घरातले फोटो. तुमच्या आईचं काही असेल तर ते. कुत्रा आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "पण तो माझ्याशिवाय कुठे जात नाही."

"मग तुम्हीही या," व्हिटल गंभीरपणे म्हणाला.

"आणि मेपलची झाडं?" ऑड्राने विचारलं. "ती कशात घालून आणायची?"

रोलंड म्हणाला, "झाडं काय इकडे नाहीत? एवढी झाडं देतो की वेंडल रस आटवता आटवता मरेल."

ती खिडकीशी गेली. तिथून नदी दिसत होती आणि पलीकडे आमचं कोठार, आणि त्याच्या वरच्या अंगाला ती जन्मली ते घर, आता दुसऱ्याचं. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. रोलंड तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघं भावंडं एकाच उंचीची, एकाच ठेवणीची, पाठमोरी. मला वाटलं, झालं, ठरलं.

"रोल," ती म्हणाली, "तू रोज इथे येऊन आपलं घर बघतोस?"

"खिडकी त्याच बाजूला निघाली," तो म्हणाला. "हवेसाठी."

घरी येताना ती म्हणाली, "पुलावरून चालत जाऊ." रक्षकांची तारांबळ उडाली. पुलाच्या आमच्या टोकाला दोन राज्यांच्या पाट्या आहेत, तिथे ती थांबली.

"तुला काय वाटतं? खरं सांग."

"खरं सांगू? साखरखोली बांधून झालीय माझी. आता मोडायला जिवावर येईल."

ती मोठ्याने हसली. मग कठड्याला टेकून म्हणाली, "पहिली टाकी मी कुठे जोडली, आठवतं?"

आठवत होतं. व्हरमाँट राज्याच्या, लोकांच्या करावर चालणाऱ्या तंत्रशाळेत. बँकांनी तिला दारातून परत पाठवलं होतं, आणि तिथल्या वेल्डिंगच्या मास्तरांनी शनिवारी-रविवारी वर्कशॉपची किल्ली तिच्या हातात ठेवली होती. मी तिथे तिला डबा घेऊन जायचो. आमचं लग्न व्हायचं होतं.

"ते एक झालं," ती म्हणाली. "पण तेही सोड. त्या कागदावर मला लिहायचंय की काम संपल्यावर मी रोलच्या घरी परतणार. वेंडल, माझ्या मनात तसं नाही. कधी येणारही नाही. कायदा दुसरं काहीच विचारत नाही, एवढंच विचारतो. मग खोटं लिहू? पुढच्या महिन्यात हात वर करून सगळ्या देशासमोर शपथ घ्यायची, आणि त्याच्या आधीची सही खोटी?"

"बाकीचे जातात की. रोलंड गेला."

"रोल खरंच गेला. तिथे राहतो, तिथे घरं बांधतो, तिथेच पुरायचं सांगून ठेवलंय त्याने. तो त्याचा हक्क आहे. मी जाणार नाही आणि गेले असं सांगणार. फरक आहे."

माझी साखरखोली तिथेच पुलावर कोसळली. पण त्या कडाक्याच्या थंडीत, नाक लाल झालेली ही बाई माझी बायको आहे याचा मला इतका अभिमान वाटला की गुडघे दुखतायत हेही विसरलो.

व्हिटलला तिने फोन केला. "बाई," तो म्हणाला, "सत्तावीस वर्षांत या कारणासाठी नाही म्हणणारं माणूस मला भेटलं नव्हतं. माझी फी मात्र द्यावी लागेल."

डिसेंबर संपायच्या आत कारखाना विकला गेला, आणि ती विक्री झाली तेव्हा ऑड्रा टीबो टकर्स फेरीची रहिवासी होती. प्रकरण इथे संपायला हवं होतं.

पण फेब्रुवारीत कुणीतरी एक फोटो छापला. त्या वरच्या घराच्या पायऱ्यांवर ऑड्रा, शेजारी वकील, मागे रोलंड हातात किल्ल्या घेऊन. खाली लिहिलं होतं की राष्ट्राध्यक्ष कर वाचवायला नदी ओलांडतायत. दोन दिवसांत ते सगळीकडे झालं. विरोधकांनी टीका केली ते ठीक, त्यांचं कामच ते. पण तिच्या बाजूचे लोक 'त्यात काय एवढं, सगळेच करतात' म्हणून तिचा बचाव करू लागले, तो बचाव जास्त झोंबला.

वॉशिंग्टनमध्ये तिच्या कचेरीतली माणसं घाईला आली. पत्रकारांना बोलवू, सगळं सांगू, विक्रीचे कागद दाखवू. मी त्या वेळी तिथे होतो. ती म्हणाली, "अजिबात नाही. एप्रिलमध्ये माझं कराचं विवरणपत्र दरवर्षीसारखं बाहेर येईल. ज्याला बघायचं तो बघेल. कर भरला म्हणून काय स्वतःला ओवाळून घेऊ? दूधवाला भरतो, शिक्षक भरतो, त्यांना कोण हार घालतं?"

"मॅडम, तोपर्यंत लोक बोलत राहतील."

"बोलू देत."

तिला बोलणं सोपं होतं. गावात राहायचं मला होतं. दुकानात मी शिरलो की गप्पा थांबायच्या. आमच्याकडे लोक भांडत नाहीत, गप्प बसतात, आणि ते भांडणापेक्षा वाईट. एकटा ऑरिन पेक तेवढा बोलायचा. ऑरिन आमचा शेजारी, म्हातारा, चाळीस गाई पाळून थकलेला, बायको गेलेली. त्याच्या गाईंच्या पोटात माझा हात खांद्यापर्यंत गेलेला आहे, इतकी जुनी ओळख. एका सकाळी दुकानातल्या किटलीतून माझ्या कपात कॉफी ओतत तो म्हणाला, "पलीकडे कॉफीसुद्धा स्वस्त मिळते म्हणे."

"ऑरिन, मी काही बोलू शकत नाही."

"बोलू नकोस. मी तुला विचारलंय का?"

"तू विचारल्यासारखंच बोलतोयस."

"मी कॉफीबद्दल बोलतोय," तो म्हणाला आणि पाठ फिरवून बसला.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमची गावसभा असते. शाळेच्या व्यायामशाळेत सगळा गाव जमतो आणि वर्षाचा खर्च हात वर करून ठरवतो. तिथे बोलायचा हक्क फक्त गावच्या मतदाराला. बाहेरचा कितीही मोठा असो, सभेने परवानगी दिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ऑड्राने लग्नानंतर एकही सभा चुकवली नव्हती. ही चुकवावी असं कचेरीतल्या सगळ्यांनी सांगितलं. ती आली.

रस्ते चिखलाने भरले होते. तिच्या ताफ्यातली एक गाडी ऑरिनच्या फाटकासमोर रुतली, आणि ऑरिननेच ट्रॅक्टर लावून ती ओढून काढली, एक शब्दही न बोलता. सभेत तिसऱ्या रांगेत ती माझ्याजवळ बसली, अंगात जुनं लोकरीचं जाकीट. बाहेरच्यांसाठी भिंतीला लावलेल्या बाकावर रोलंड येऊन बसला होता. कशाला आलास विचारल्यावर म्हणाला, "करमणूक."

आमची सभा थेल्मा ग्रोट चालवते. 'अध्यक्षबाई' म्हटलं की आमच्याकडे ती थेल्मा, दुसरी कुणी नाही. पहिल्यांदाच कुणीतरी "अध्यक्षबाई!" अशी हाक मारली तेव्हा ऑड्राच्या मागचा तरणा रक्षक दचकून तिच्याकडे बघायला लागला आणि मागच्या रांगा हसल्या. महिन्याभरात गावात ऐकलेलं ते पहिलं हसू.

विषय आला रस्ते सपाट करायच्या यंत्राचा. जुनं दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं. ऑड्राने हात वर केला. थेल्माने तिला बोलायला सांगितलं, इतक्यात ऑरिन उठला.

"अध्यक्षबाई, हरकत आहे."

"कशाला, ऑरिन?"

"तिसऱ्या रांगेतली बाई या गावची मतदार आहे का? नसेल तर तिला सभेची परवानगी लागेल. नियम सगळ्यांना सारखा."

थेल्माने यादी मागवली, चष्मा वर केला, बोट फिरवलं. "नाव आहे."

"नाव तर माणूस मेला तरी यादीत राहतं," ऑरिन म्हणाला. "माझ्या बायकोचं राहिलं होतं. मला तिच्या तोंडून ऐकायचंय."

रक्षक अस्वस्थ झाला. मी ऑड्राच्या हाताला हात लावला, पण ती आधीच उभी राहिली होती. माझ्या अंदाजाने ती चिडायला हवी होती. ती चिडली नव्हती. तिचा चेहरा मला आठवतोय, कारण तसा चेहरा मी तिच्या कुठल्याच मोठ्या भाषणात पाहिला नाही.

"अध्यक्षबाई, प्रश्न बरोबर आहे," ती म्हणाली. "मी ते घर बघायला गेले होते. विचारही केला होता, तो केला नाही असं सांगणार नाही. पण गेले नाही. कारखाना विकला तेव्हा मी या गावची होते, त्यावरचा कर या राज्यालाच भरणार. काम संपलं की इथेच परत येणार. वेंडलने ठेवून घेतलं तर."

ऑरिन तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग बोल की. वेळ कशाला घालवतेस?" आणि बसला.

टाळ्या वाजल्या नाहीत. आमच्याकडे वाजवत नाहीत. पण मागे कुणीतरी खोकलं, कुणीतरी जोराने नाक शिंकरलं, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईने न वळता हात मागे करून विणकामाच्या पिशवीतली पेपरमिंटची गोळी ऑड्राच्या हातात ठेवली.

ऑड्रा यंत्राबद्दल बोलली. ती इंजिनियर आहे. गिअर, तेल, दुरुस्तीचा खर्च, सगळं नीट मांडलं. नवं घ्यावं असं तिचं म्हणणं. मग ऑरिन उठला आणि म्हणाला की जुन्याची फक्त पाती गेलीत, आणि तिच्या टाक्या कितीही चांगल्या असल्या तरी रस्त्याचं यंत्र म्हणजे दुधाची टाकी नव्हे. लोक हसले. थेल्माने हात वर करायला सांगितले. नव्या यंत्राच्या बाजूने हात वर झाले त्यात भिंतीच्या बाकावरून एक हात वर आला.

"रोलंड," थेल्मा म्हणाली, "हात खाली."

त्याने हाताकडे असं पाहिलं जणू तो दुसऱ्याचा होता, आणि हळूच खाली घेतला. कान लाल झाले होते. ऑड्राने वळून भावाकडे पाहिलं, पण हसली नाही. तेवढं तिने सांभाळलं.

राष्ट्राध्यक्षबाईंचा ठराव पडला. चांगल्या फरकाने पडला.

दुपारी सगळ्यांचं जेवण. घराघरांतून आणलेले घेवडे, ओव्हनमध्ये भाजलेले कॅसरोल, पाव, ॲपल पाय. ऑड्रा ताटली घेऊन रांगेच्या शेवटी उभी. तिच्या कचेरीतल्या एका पोराने तिला पुढे न्यायचा प्रयत्न केला तर ऑरिन म्हणाला, "रांग मागून सुरू होते, बाबा." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "माझ्याकडचा पाव घे. सुनेने केलाय. मी केलेला कुणी खाल्ला नसता."

"ऑरिन, यंत्राबद्दल तू चुकतोयस."

"असेन. पण जिंकलो ना?"

"जिंकलास," ती म्हणाली, आणि दोघं खिडकीशी बसून पात्यांवर वाद घालत जेवली. तो तरणा रक्षक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, मॅडम खरंच हरल्या?"

"हरल्या."

"आणि त्या खूश आहेत?"

"बघ तू," मी म्हणालो. ती पावाने ताटली पुसत होती.

एप्रिलमध्ये विवरणपत्र बाहेर आलं. व्हरमाँटच्या रकान्यातला आकडा वर्तमानपत्रांनी ठळक छापला, दोन दिवस त्याची चर्चा झाली, काहींनी तिला मूर्खही म्हटलं. देशात कर कोण कुठे भरतो यावर म्हणे आता जास्त विचार होतो. मला त्यातलं कळत नाही. मला एवढं कळलं की दुकानात पुन्हा गप्पा सुरू झाल्या आणि ऑरिनने माझ्या कॉफीचे पैसे मला देऊ दिले नाहीत, स्वतः दिले.

त्या आठवड्यात मी रस आटवत असताना रोलंड आला. कललेल्या भिंतीला टेकून वाफेत उभा राहिला.

"वाचलं मी," तो म्हणाला. "एवढे पैसे! वेडी आहे तुझी बायको."

"तुझी बहीणही आहे."

"तेच म्हणतोय." त्याने पळीभर गरम पाक दाराबाहेरच्या बर्फावर ओतला, काडीला गुंडाळून तोंडात घातला, आणि दात चिकटले तरी बोलला, "आमच्या घरात एक तरी अशी निघाली, बरं झालं."

मग त्याने भिंतीवर हात फिरवला, खालचे खांब बघितले, कुजलेला एक बुटाने दाबून पाहिला. "मे महिन्यात माणसं घेऊन येतो," तो म्हणाला. "लाकूड तुझं. मजुरी मी घेणार नाही, पण कुणाला सांगू नकोस. पलीकडचे लोक मला हसतील."